निकाली कुस्ती ते गुणांची कुस्ती : मराठवाड्याच्या फडातून दिसणारा अर्धशतकाचा बदल (थ्रेड)

१९६९ साली ‘महाराष्ट्र केसरी’ची स्पर्धा लातूरला भरली. लातूर तेव्हा जिल्हा नव्हते. उस्मानाबाद जिल्ह्यातले ते तालुक्याचे आणि मोठ्या बाजारपेठेचे गाव होते; स्वतंत्र जिल्हा व्हायला अजून तेरा वर्षे अवकाश होता. त्या स्पर्धेत निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार महाराष्ट्र केसरी झाले. आपल्याच मातीत, आपल्याच माणसांसमोर.

त्यानंतर सुमारे पन्नास वर्षांनी, जानेवारी २०२० मध्ये, पुण्यात बालेवाडीला याच किताबाची अंतिम लढत झाली. एका बाजूला नाशिकचा हर्षवर्धन सदगीर, दुसऱ्या बाजूला लातूरचा शैलेश शेळके. दोघेही एकाच वस्तादाचे पठ्ठे. हर्षवर्धन जिंकला आणि जिंकल्यावर त्याने हरलेल्या शैलेशला खांद्यावर उचलून घेतले. लढतीचा निकाल होता ३-२.

१९६९ सालच्या प्रेक्षकाला हा निकाल नुसता कानावर सांगितला असता, तर त्याने पहिला प्रश्न विचारला असता : पाठ लागली की नाही? पाठ लागली नव्हती. तरीही एक मल्ल हरला होता. मधल्या पन्नास वर्षांत कुस्तीचे डाव फारसे बदलले नाहीत. हरणे कशाला म्हणायचे, हे मात्र बदलले. हा थ्रेड त्या बदलाविषयी आहे.

आधी जुना नियम पाहू, कारण तो एका वाक्यात मावतो. प्रतिस्पर्ध्याचे दोन्ही खांदे जमिनीला टेकवा. याला चितपट म्हणायचे, अस्मान दाखवणे म्हणायचे, आणि अशी सुटलेली कुस्ती ती ‘निकाली’. याशिवाय जिंकण्याचा दुसरा मार्ग नव्हता. वेळेची मर्यादा नव्हती, गुण नव्हते, वजनगट नव्हते, आणि मैदानाला आखीव सीमारेषाही नव्हती. जोडी घोळत घोळत प्रेक्षकांच्या अंगावर जाऊ लागली की पंच दोघांना धरून पुन्हा मधोमध आणून सोडत.

मराठवाड्यात हा नियम शाळेत किंवा पुस्तकात शिकवला गेला नाही. तो जत्रेत शिकला गेला. नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा मार्गशीर्षात भरते. घोडे, गाढवे, उंट यांच्या बाजारासाठी ती दूरवर प्रसिद्ध आहे, आणि कुस्त्यांची दंगल हा तिचा ठरलेला भाग आहे. लातूरच्या सिद्धेश्वर-रत्नेश्वराच्या यात्रेत महाशिवरात्रीच्या सुमारास फड रंगतो. लहानमोठ्या गावांच्या उरुसांत आणि जत्रांत हेच चित्र असे. निजामाच्या राजवटीत आणि १९४८ नंतरच्या काळातही मनोरंजनाची साधने मोजकी असलेल्या या भागात वर्षातून एकदा येणारा कुस्तीचा दिवस म्हणजे गावाच्या प्रतिष्ठेचा दिवस.

दंगलीचा क्रमही ठरलेला. सुरुवातीला लहान पोरांच्या रेवड्यांच्या आणि नारळाच्या कुस्त्या. मग इनामाची रक्कम वाढत जाते, तसतसे मल्लांचे वय आणि वजन वाढत जाते. सूर्य कलायला लागला की शेवटची, मानाची कुस्ती. जोड लावण्याची पद्धतही साधी होती. पैलवान मैदानात फेरी मारायचा, शड्डू ठोकायचा. ज्याला त्याच्याशी लढायचे तो पुढे व्हायचा. जोड सारखी आहे की नाही हे वजनकाट्यावर ठरत नसे. ते जमलेल्या जाणत्या माणसांच्या नजरेवर ठरे, आणि नजरेला ती विजोड वाटली तर फडातूनच ओरड होई. हलगी घुमू लागली की कुस्ती सुरू.

इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. या नियमात पंचाचे काम निकाल ठरवण्याचे फारसे नव्हते. लागलेला निकाल जाहीर करण्याचे होते. पाठ लागली ती हजारो डोळ्यांनी एकाच वेळी पाहिलेली असे. तिच्यासाठी दुभाष्या लागत नव्हता. वाद होत नसत असे नाही. एक खांदा टेकला होता की दोन्ही, यावरून फड उधळल्याच्या आठवणी गावोगावी सापडतील. पण तो वाद घालण्याचा अधिकार पंचाइतकाच मातीकडेला मांडी घालून बसलेल्या शेतकऱ्यालाही होता, कारण नियम दोघांना सारखाच ठाऊक होता.

जुन्या शौकिनाचे ज्ञान केवळ चितपट ओळखण्यापुरते नव्हते. वेळेला बंधन नसल्यामुळे कुस्तीला एक पोट होते, आणि त्या पोटात काय चालले आहे ते वाचणे ही त्याची विद्या होती. एक मल्ल खाली बसला आणि दुसऱ्याने वरून कब्जा घेतला की नवख्याला वाटे आता काहीच घडत नाही. जाणकार मात्र तिथेच पुढे सरकून बसे. वरचा मल्ल मानेवर घिस्सा ओढतो आहे, खालच्याचा दम किती उरला आहे, तो कोपर कुठे टेकवतो आहे, वरचा सवारी घालणार की मोळी बांधणार, हे सगळे त्या न हलणाऱ्या दोन देहांत चाललेले असे. घामाने पकड सुटू लागली की मल्ल एकमेकांच्या अंगावर माती टाकत. लांगेला धरून उचलणे चालत असे. ताक, तेल, हळद, लिंबू घालून मुरवलेली तांबडी माती पायाखाली दबत असे, त्यामुळे हालचाल मंद होई, पण पकड घट्ट बसे. ही कुस्ती ताकदीइतकीच दमाची होती.

तिचे दोष झाकून ठेवण्यात अर्थ नाही. जुन्या दिवसांविषयी बोलणारे बहुतेक जण ते झाकतात. बचावात तरबेज असलेला मल्ल पोटावर आडवा पडून राहिला, तर समोरच्याने करायचे काय, याचे उत्तर जुन्या नियमात नव्हते. कुस्ती तासभर रेंगाळे आणि शेवटी दिवस मावळला म्हणून बरोबरीत सोडवावी लागे. दोघांनी आधीच संगनमत करून इनाम वाटून घेण्याची नुरा कुस्तीही याच आडोशाला वाढली. कारण बरोबरीत कोणाची अब्रू जात नव्हती. १९६३ साली साताऱ्याची महाराष्ट्र केसरी स्पर्धा अनिर्णित राहिली. राज्याचा सर्वोच्च किताब, आणि त्या वर्षी त्याला धनीच नाही. जुन्या नियमात हे शक्य होते.

या दोषाचे सर्वांत गाजलेले उदाहरण मात्र महाराष्ट्रातले नाही, लंडनमधले आहे. १० सप्टेंबर १९१० रोजी गामा आणि पोलंडचा झ्बिस्को यांची कुस्ती झाली. गामाने सुरुवातीलाच त्याला खाली घेतले. त्यानंतर झ्बिस्कोने उठायचेच नाही असे ठरवले. तो अडीच तासांहून अधिक वेळ गादीला चिकटून राहिला आणि कुस्ती बरोबरीत सुटली. आठवड्याने पुन्हा लढत ठरली, तेव्हा तो मैदानातच आला नाही. १९२८ मध्ये पतियाळात दोघे पुन्हा भिडले तेव्हा गामाने त्याला मिनिटभराच्या आत चीत केले. लंडनच्या प्रेक्षकांनी १९१० साली जे पाहिले ते पाहून कोणालाही घड्याळाची आठवण व्हावी.

घड्याळ आले ते ऑलिंपिकच्या वाटेने. महाराष्ट्राला त्याची पहिली ठसठशीत ओळख झाली खाशाबा जाधवांमुळे. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मातीतला मल्ल १९४८ मध्ये लंडनला गेला आणि गादीवरच्या कुस्तीची फारशी सवय नसताना सहावा आला. १९५२ मध्ये हेलसिंकीला त्याने कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. खाशाबांच्या चरित्रात एक प्रसंग नेहमी सांगितला जातो. एक दीर्घ लढत संपल्यावर त्यांना लगेचच दुसऱ्या लढतीसाठी उभे केले गेले. दोन लढतींच्या मध्ये विश्रांती देण्याचा नियम होता, पण तो दाखवून देणारा भारतीय अधिकारी तिथे हजर नव्हता. नव्या कुस्तीत डाव जाणणे पुरेसे नाही, नियमपुस्तिका जाणणारा माणूसही बाजूला हवा, हे महाराष्ट्राला तेव्हाच कळायला हवे होते.

हेलसिंकीत एका लढतीला १५ मिनिटे होती. त्यानंतर दर काही वर्षांनी ही वेळ कापली जात राहिली. नव्वदच्या दशकात ती पाच मिनिटांवर आली. दमाची कुस्ती हळूहळू झटक्याची कुस्ती झाली. वेळ कमी झाली की पाठ लागण्याची शक्यता घटते, आणि पाठ न लागता विजेता ठरवायचा तर मोजायला काहीतरी हवे. म्हणून गुण. प्रतिस्पर्ध्याला खाली घेऊन त्याच्या मागे गेले की गुण, पाठ धोक्याच्या कोनात नेली की गुण, नऊ मीटरच्या वर्तुळाबाहेर ढकलले की गुण. खाली घेतलेल्या मल्लावर काही घडत नसेल तर पंच शिटी वाजवून दोघांना उभे करतो. या एका शिटीने जुन्या शौकिनाची अर्धी विद्या निकामी केली. जिथे तो पुढे सरकून बसत असे, नेमकी तिथेच आता कुस्ती थांबते.

बाकीचे बदल याच्याच मागून आले. अंगावरच्या पोशाखाला धरणे निषिद्ध ठरले, म्हणजे लांगेची पकड गेली. अंग पुसायला टॉवेल आला, म्हणजे माती टाकणे गेले. वजनगट आले, म्हणजे नजरेने जोड लावणारी जाणती मंडळी घरी बसली. बरोबरी तर समूळ नाहीशी झाली. आज फलकावर १-१ असे दिसले तरी त्यात एक जण जिंकलेला असतो : कोणाचा डाव मोठ्या गुणाचा होता, कोणाला ताकीद कमी मिळाली, शेवटचा गुण कोणी घेतला, या क्रमाने निवाडा होतो. मातीकडेला चाळीस वर्षे बसलेल्या माणसाला हे कोणीतरी समजावून सांगावे लागते, आणि तेही बहुधा त्याच्या नातवाला.

नियम करणारे स्वतःही या मार्गावर एकदा चांगलेच भरकटले. २००५ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाने लढतीचे दोन-दोन मिनिटांचे तीन स्वतंत्र डाव केले. तिघांत दोन जिंकणारा विजयी. एखादा डाव ०-० राहिला तर पिशवीतून रंगीत चेंडू काढायचा. ज्याच्या रंगाचा चेंडू निघेल त्याला प्रतिस्पर्ध्याचा पाय आयता हातात धरून सुरुवात करायला मिळे. पाय हातात आलेला मल्ल बहुतेक वेळा गुण घेऊनच उठे. म्हणजे जगज्जेतेपदाच्या लढतीत चिठ्ठी टाकून निकाल! आधीच्या डावात पाच गुणांनी जिंकलेले पुढच्या डावात कामाला येत नसत. ज्या कुस्तीचा नियम एका वाक्यात सांगता येत होता, ती आता तज्ज्ञांनाही समजेनाशी झाली.

त्याची किंमत २०१३ मध्ये मोजावी लागली. १२ फेब्रुवारीला आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या कार्यकारी मंडळाने २०२० च्या खेळांच्या गाभ्यातून कुस्ती वगळण्याची शिफारस केली. प्राचीन ऑलिंपिकमधला हा खेळ, आणि त्यालाच बाहेरचा रस्ता. महासंघाच्या अध्यक्षांना पद सोडावे लागले. मे महिन्यात मॉस्कोच्या बैठकीत घाईघाईने नियम पुन्हा लिहिले गेले : तीन-तीन मिनिटांचे दोन भाग, दोन्हींचे गुण एकत्र, खाली घेण्याला एकाऐवजी दोन गुण, आणि नुसते टाळत राहणाऱ्याला ताकीद देऊन तीस सेकंदांचे घड्याळ, तेवढ्यात त्याने काही केले नाही तर गुण समोरच्याला. सप्टेंबरमध्ये ब्वेनोस आयरिसला झालेल्या मतदानाने कुस्ती परत आली. प्रेक्षकाला खेळ समजला पाहिजे हे या निमित्ताने मान्य झाले. पण हा प्रेक्षक दूरचित्रवाणीसमोरचा होता, हलगीच्या तालावर बसलेला नव्हता.

घड्याळाचा हा प्रवास एकट्या कुस्तीचा नाही. १९३९ मध्ये डर्बनला दक्षिण आफ्रिका आणि इंग्लंड यांच्यात वेळेचे बंधन नसलेला कसोटी सामना दहा दिवस चालला, आणि तरीही सुटला नाही. इंग्लंडच्या संघाला परतीचे जहाज गाठायचे होते. अमेरिकेतला बेसबॉल हा घड्याळ नसलेला खेळ म्हणून मिरवत असे. २०२३ मध्ये तिथेही चेंडू टाकण्यासाठी पंधरा आणि वीस सेकंदांचे घड्याळ बसवले गेले, आणि सामन्याची सरासरी लांबी तीन तासांहून सुमारे दोन तास चाळीस मिनिटांवर आली. तिथल्या जुन्या चाहत्यांपैकी अनेकांनी आधी नाके मुरडली. पण बेसबॉलमध्ये घड्याळ आले तरी धाव ही धावच राहिली. कुस्तीत घड्याळाने विजयाची व्याख्याच बदलली, म्हणून इथली रुखरुख अधिक खोल आहे.

आता पुन्हा बिराजदारांकडे. लातूरच्या विजयानंतर ते ‘रुस्तुम-ए-हिंद’ झाले. बेळगावच्या मैदानात त्यांनी दिल्लीच्या गुरू हनुमान आखाड्याच्या सतपालला चीत केले. महाराष्ट्राच्या कुस्तीशौकिनांत ती कुस्ती आजही सांगितली जाते. देहाने सतपाल थोराड. त्या एका कुस्तीत जुन्या नियमाचे सगळे वैभव आहे : वजनाचा हिशेब नाही, गुणांचा हिशेब नाही, आणि निकालाविषयी शंकाही नाही.

पण या दोन मल्लांनी पुढे काय केले ते पाहण्यासारखे आहे. सतपाल दिल्लीत प्रशिक्षक झाले. त्यांच्या हाताखाली सुशील कुमार घडला आणि २००८ मध्ये बीजिंगला, त्याच तीन डावांच्या नियमांत, कांस्यपदक घेऊन आला. बिराजदारांनी पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत मुले तयार केली. लातूर जिल्ह्याचेच काका पवार त्यांचे शिष्य. त्यांनी नाव कमावले ते ग्रीको-रोमन प्रकारात. या प्रकारात कमरेखाली धरणे आणि पायाचा वापर करणे वर्ज्य आहे. पट नाही, टांग नाही. मातीत शिकलेली निम्मी विद्या दाराबाहेर ठेवून आत जायचे. तरीही काका पवार आंतरराष्ट्रीय पदकांचे मानकरी झाले, अर्जुन पुरस्काराचे धनी झाले, आणि पुढे पुण्यात स्वतःचे संकुल उभारून वस्ताद झाले. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारे आधी बिराजदारांकडे आणि त्यांच्यानंतर काका पवारांकडे शिकला. २०१८ च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटात सुवर्ण, २०१९ च्या जागतिक स्पर्धेत ६१ किलो गटात कांस्य. सदगीर आणि शेळके हे दोघेही काका पवारांचेच.

मातीत अढळपद मिळवलेल्या माणसाने गादीसाठी शिष्य घडवले, यात विसंगती शोधण्याचे कारण नाही. त्यांना काळाची दिशा दिसत होती. वजनगट नसते तर ५७ किलोचा राहुल आवारे जत्रेतल्या मधल्या कुस्त्यांपलीकडे कधी गेला नसता. मानाची कुस्ती नेहमी थोराडांचीच. मुलींसाठी तर जुन्या फडात जागाच नव्हती. महिला महाराष्ट्र केसरी २०२३ मध्ये सांगलीला प्रथम झाली. नव्या नियमांनी शौकिनाकडून जे काढून घेतले, त्याच्या कितीतरी पट मल्लांना दिले. दुष्काळी पट्ट्यातल्या शेतकऱ्याच्या मुलासाठी राष्ट्रीय पदक म्हणजे पोलिसातली किंवा रेल्वेतली नोकरी असू शकते. जत्रेतला फेटा आणि इनाम यांवर घर चालत नाही.

महाराष्ट्र केसरीने मात्र मधला मार्ग काढला. मामासाहेब मोहोळांच्या पुढाकाराने १९५३ मध्ये स्थापन झालेल्या कुस्तीगीर परिषदेने १९६१ पासून सुरू केलेली ही स्पर्धा आज दोन विभागांत होते. एक माती, एक गादी. दोन्हींचे विजेते शेवटी गादीवर समोरासमोर येतात. वरवर पाहता परंपरेचा मान राखलेला दिसतो. पण माती विभागातही आता सहा मिनिटांचे घड्याळ आणि तेच गुण आहेत. माती राहिली, तिच्यावरचा जुना नियम गेला. आणि अंतिम लढत गादीवर असल्यामुळे मातीचा विजेता नेहमी परक्या घरी खेळतो. २०२० मध्ये शैलेश शेळके माती विभागातूनच आला होता.

या तडजोडीचा ताण कुठे फुटतो, हे गेल्या काही वर्षांत दोनदा दिसले. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात माती विभागाच्या निर्णायक लढतीत महेंद्र गायकवाडने सिकंदर शेखवर बाहेरची टांग मारली. पंचांनी तिला चार गुण दिले आणि सिकंदर बाहेर पडला. त्यानंतर कित्येक दिवस महाराष्ट्रभर एकच चर्चा : टांग चार गुणांची होती की दोन? सिकंदर धोक्याच्या स्थितीत गेला होता का? लोक मोबाइलवर तीच चित्रफीत थांबवून थांबवून खांद्याचा कोन मोजत होते. जुन्या फडातल्या कोणत्याही भांडणाशी या भांडणाचे नाते नव्हते. टांग कशी बसली यावर कोणाचे दुमतच नव्हते, दुमत होते तिच्या मोलावर. गंमत अशी की त्याच स्पर्धेच्या अंतिम लढतीत शिवराज राक्षेने महेंद्रला मिनिटभराच्या आत चीत केले. सगळा गुणांचा काथ्याकूट झाल्यावर किताब शेवटी निकाली कुस्तीनेच ठरला.

दुसरा प्रसंग फेब्रुवारी २०२५ चा, अहिल्यानगरचा. गादी विभागाच्या निर्णायक लढतीत पंचांनी पृथ्वीराज मोहोळने शिवराज राक्षेला चीत केल्याचा निर्णय दिला. आपले दोन्ही खांदे टेकलेच नव्हते, चित्रफीत पाहा, असे शिवराजचे म्हणणे होते. संतापाच्या भरात त्याच्याकडून पंचांना लाथ मारण्यापर्यंत मजल गेली. अंतिम लढतीतही गुणांवरून वाद होऊन महेंद्र गायकवाड मैदान सोडून गेला आणि पृथ्वीराज २-१ असा महाराष्ट्र केसरी झाला. शिवराज आणि महेंद्र या दोघांनाही तीन वर्षांसाठी निलंबित करण्यात आले. पंचांवर हात किंवा पाय उचलणे कोणत्याही काळात अक्षम्यच. पण पहिल्या वादाचा विषय काय होता ते पाहा : दोन्ही खांदे टेकले की एकच? कुस्तीचा सर्वांत जुना प्रश्न, कॅमेऱ्यांच्या गराड्यातही तितकाच जिवंत. फरक इतकाच की आता त्याचे उत्तर देण्याचा अधिकार फडाकडे नाही.

जत्रेतल्या दंगली अजून बंद पडलेल्या नाहीत. माळेगावच्या यात्रेत आजही कुस्त्या होतात, सिद्धेश्वराच्या यात्रेतही होतात. इनामाचे आकडे वाढले आहेत, ध्वनिक्षेपकावरून कुस्तीचे समालोचन चालते, मोठ्या जोडीसाठी पुण्या-कोल्हापुरातल्या आणि हरियाणा-पंजाबातल्या मल्लांना आगाऊ मानधन देऊन आणले जाते. त्यांतले बरेच जण वर्षभर गादीवर सराव करतात आणि जत्रांच्या हंगामात मातीत उतरतात. साहजिकच त्यांचा दमही सहा मिनिटांच्या मापाने घडलेला असतो. पहिल्या काही मिनिटांत डाव बसला तर बसला. नाहीतर दोघे एकमेकांच्या मानेवर हात टाकून उभे राहतात आणि आयोजक मनगटावरच्या घड्याळाकडे पाहू लागतात.

मग ध्वनिक्षेपकावरून घोषणा होते : कुस्ती आता गुणांवर घेतली जाईल, जो आधी गुण घेईल तो विजयी. हलगीवाला क्षणभर थांबतो आणि पुन्हा वाजवू लागतो. समोर बसलेल्यांतली काही वयस्क माणसे एवढ्यावर उठतात, धोतर झटकतात आणि बैलबाजाराकडे चालू लागतात. तरुण पोरे मोबाइल वर धरून आणखी पुढे सरकतात.